पाय धुवायला शिकवणाऱ्या दीदींना

आदरणीय दीदी,

जयमसीह!

हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण आमच्या मंडळीतल्या सगळ्यांनी ते वाचावं अशी माझी इच्छा आहे. टीममधले एक भाऊ तुम्हाला ते फोनवर हिंदीतून वाचून दाखवतील.

नेपाळला, ललितपूरच्या डोंगरातल्या त्या कुष्ठरोग रुग्णालयात आम्ही सेवेसाठी आलो, तेव्हा गाणी बसवून आलो होतो, साक्ष देण्याची तयारी करून आलो होतो. तुम्ही आधी आम्हाला व्हरांड्यात बसवलंत. फोन पिशवीत ठेवायचे, कोणाचाही फोटो काढायचा नाही, आणि प्रार्थना कोणी स्वतःहून मागितली तरच करायची, हे शांतपणे सांगितलंत. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेत कलम २६ नुसार दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे, हे आम्हाला निघण्यापूर्वीच सांगितलेलं होतं. पण तुम्ही कायद्याचं नावही काढलं नाहीत. "पायाला जखम घेऊन आलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, मग त्याला काही ऐकवणं बरं नाही," एवढंच म्हणालात. पाहुण्यांच्या उत्साहापेक्षा रुग्णांचा मान तुम्ही वर ठेवलात, यासाठी मी तुमची फार ऋणी आहे.

आणि मग तुम्ही आम्हाला खरं काम दिलंत. साध्या पाण्याचे टब मांडले. गरम पाणी का नको, तेही समजावलंत: कुष्ठरोगात नसा बाधित होतात, पायाची संवेदना जाते, चटका बसला तरी कळत नाही. घाम येणं थांबतं, कातडी कोरडी पडून तडकते, भेगांतून जंतू शिरतात आणि जखम थेट हाडापर्यंत पोचते. बोटं रोगाने आपोआप झडतात असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. ती अशा न दुखणाऱ्या, म्हणून दुर्लक्षित राहिलेल्या जखमांनी जातात, हे मला तुमच्याकडून कळलं.

वीस-पंचवीस मिनिटं पाय भिजवायचे, घट्ट झालेली कातडी वजरीने हलक्या हाताने घासायची, आणि पाय ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलिन चोळायचं, म्हणजे ओलावा आत टिकतो. उघड्या जखमांना तुम्ही आम्हाला हात लावू दिला नाहीत. ते योग्यच होतं, ते शिकलेल्या हातांचं काम आहे.

माझ्यासमोर एक वृद्ध आमा (नेपाळीत आई) बसल्या होत्या. मी पाय हातात घेतला तसा त्यांनी मागे ओढला. तुम्ही मला थांबायला सांगितलंत, खाली बसलात, त्यांच्याशी नेपाळीत काहीतरी बोललात, आणि बोलता बोलता त्यांची चप्पल उचलून उलटी केलीत. बोराएवढा खडा पडला. तो पायाखाली घेऊन त्या डोंगर उतरून आल्या होत्या. तुम्ही रागावला नाहीत. रोज पायात घालण्याआधी चप्पल अशी झटकायची, हे त्यांच्याकडूनच दोनदा करून घेतलंत. मग आमांनी आपणहून पाय टबात ठेवला आणि मला मान हलवून खूण केली.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायावर मी कितीतरी संदेश ऐकले आहेत. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, ते पाय धुळीने भरलेले आणि चालून दमलेले असतील, हे त्या टबासमोर बसून पहिल्यांदा नीट डोळ्यांपुढे आलं.

इथे परतल्यावर एक-दोघांनी विचारलं, "भीती नाही वाटली?" तुम्ही सांगितलेलंच त्यांना सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेल्या बहुऔषधी उपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो, औषध १९९५ पासून जगभर मोफत मिळतं, आणि उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्ग होत नाही. त्या दिवशी टबाजवळ बसलेले बहुतेक जण रोगातून कधीच बरे झालेले होते. त्यांच्या मागे राहिले होते बधिर पाय आणि लोकांची भीती.

शनिवारच्या उपासनेत तुम्ही आम्हाला तुमच्या मंडळीत शेजारी बसवून घेतलंत, त्याचेही आभार.

आता एक विनंती. आमची मंडळी पुढच्या वेळी खेळणी आणि खाऊऐवजी तुम्हाला लागणारं सामान पाठवू इच्छिते: व्हॅसलिन, ड्रेसिंगचं कापड, चपलांसाठी एमसीआर, म्हणजे बारीक हवेच्या पोकळ्या असलेल्या मऊ रबराचे तळ, जे तुम्ही सांगाल ते. आमच्यातल्या दोघी बहिणी नर्स आहेत. एका दिवसाने तुमचं काम फारसं हलकं होत नाही, हे आम्ही पाहिलं. त्या महिनाभर राहायला तयार आहेत. कोणता महिना सोयीचा, ते कळवा.

ख्रिस्तात तुमची बहीण