निविदेतून मुक्त मानकं का गाळली? माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

सरकारी मेलप्रणालीच्या खरेदीत मुक्त मानकांची, म्हणजे कोणालाही वापरता येतील अशा जाहीर तांत्रिक नियमांची, अट घालू, असं आपण जाहीरपणे सांगितलं होतं. नव्या निविदेत ते कलमच नाही. त्याऐवजी ‘वापरण्यास सुलभ’ असं मोघम लिहून मोकळे झालात.

एक साधं काम घ्या. मेल आला, 15 तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. ही तारीख ठेवायची कुठे? आयमॅपमध्ये, म्हणजे सर्व्हरवरचा मेल वाचण्याच्या जुन्या प्रोटोकॉलमध्ये, ‘वाचलं’, ‘उत्तर दिलं’, ‘फ्लॅग केलं’ अशा खुणा आहेत, मुदतीला जागा नाही. मग टास्कचं सॉफ्टवेअर मेलचा यूआयडी, म्हणजे त्या फोल्डरमधला त्याचा क्रमांक, धरून ठेवतं. मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला की तो यूआयडी निकामी. सर्व्हरची यूआयडीव्हॅलिडिटी (हे क्रमांक अजून वैध आहेत की नाही, हे सांगणारा आकडा) बदलली, तर फोनवर साठवलेलं सगळं टाकून पुन्हा उतरवावं लागतं. मेसेज-आयडी, म्हणजे मेलवरच लिहिलेली त्याची ओळख, धरावा, तर एकाच मेलच्या दोन प्रती निघाल्या की यादीत तेच काम दोनदा दिसतं. नवा मेल कळवणारी आयडल कमांड एका कनेक्शनवर एकच फोल्डर बघते, 29 मिनिटांच्या आत पुन्हा द्यावी लागते, आणि बॅटरी वाचवायला फोन ते कनेक्शनच तोडतो. मुदती हुकतात त्या अशा. बोलणी मात्र कर्मचाऱ्याला बसतात.

उपाय तयार आहेत. 2019 मध्ये जेमॅप हा मेलचा नवा मुक्त प्रोटोकॉल प्रमाणित झाला: मेलची ओळख बदलत नाही, आणि ‘मागच्या वेळेपासून काय बदललं’ एवढंच मागता येतं. कामांसाठी आयकॅलेंडर या कॅलेंडरच्या मुक्त मानकातलं व्हीटूडू (काम आणि त्याची मुदत लिहिण्याची ठरलेली रीत) तर 1998 पासून आहे. ते धड राबवलं जात नाही, कारण गिऱ्हाईक अडकून राहण्यातच पुरवठादाराचा फायदा. प्रत्येकाचा एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरने जोडून घ्यायचा मार्ग) वेगळा, परवानगीची पद्धत वेगळी. छोट्या टीमचं निम्मं आयुष्य ही ठिगळं लावण्यात जातं, नवं काही घडवायला वेळच उरत नाही.

निविदेत एवढं घाला: जेमॅप आणि व्हीटूडू अनिवार्य; सगळा मेल मूळ हेडरसकट (पाठवणारा, तारीख वगैरे तपशिलासकट) बाहेर काढता यावा; स्वीकृतीआधी चाचणी. चाचणीत ‘दरमहा 31 तारखेला’ असं काम जरूर टाकून बघा. मानकाप्रमाणे ज्या महिन्यात 31 तारीख नाही तो वगळला जातो, म्हणजे ते काम वर्षातून 7 वेळाच येतं, आणि महिनाअखेरचा अहवाल पाच वेळा राहून जातो. हे डेमोत कधीच दिसत नाही. खरेदी समित्या मात्र डेमो बघूनच गुण देतात! उलाढालीच्या अटींना पानंच्या पानं, प्रोटोकॉलला एक ओळ नाही. सगळी सरकारी खरेदी याच वाटेने चालली आहे.

बोली उघडण्याआधी शुद्धिपत्रक काढा. ते काढणार नसाल, तर कलम कोणी आणि का गाळलं, याचं लेखी उत्तर द्या.

आपले,
मेल आणि टास्क सॉफ्टवेअर बनवणारे काही जण