सोलरवाल्या मिस्त्रीमामांचे आभार

ऐन डिसेंबरच्या थंडीत वडगावातल्या आमच्या गल्लीतल्या आजींचा पाणी तापवायचा सोलर बंद पडला. ऊन कडकडीत, पण न्हाणीत गरम नळ सोडला की नुसती फुसफुस.

अनगोळहून आलेल्या मिस्त्रीमामांनी आधी काचेच्या नळ्यांची टोकं पाहिली. टोक चंदेरी असेल तर आतली निर्वात पोकळी शाबूत, पांढरं पडलं तर नळी गेली. एक गेलीच होती. खरा घोळ मात्र टाकीवरच्या हवेच्या पाइपात. कुंभारमाशीनं तोंडात मातीचं घर केलेलं. हवा बाहेर पडेना, म्हणून गरम लाइनीत एअर लॉक, म्हणजे हवा अडकून पाणी थांबलेलं. मामांनी तारेनं माती काढली, तोंडाला बारीक जाळी बांधली.

नळी बदलायला टाकी रिकामी करावी लागते. ते पाणी गच्चीवर सोडून दिलं असतं तरी कुणी काही म्हणालं नसतं. मामांनी बादल्या भरून जिन्यानं खाली आणल्या. "आज्जी, पहिला आंघोळ करून घ्या की!"

तापलेल्या रिकाम्या नळ्यांत गार पाणी सोडलं की काच तडकते. म्हणून नळ्यांवर पोती टाकून गेले, ऊन उतरल्यावर परत येऊन टाकी भरली. पैसे एकाच खेपेचे घेतले.

मामा, सगळ्या गल्लीतर्फे मनापासून आभार.