आधी काकूंना समजावून सांग

बडोदे

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला लागले की तुम्ही आत हाक मारून चहा सांगता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे पत्र, आणि तेही चार लोकांनी वाचावं असं. दांडिया बाजारातल्या आपल्या घरांमधून अजून बरीच मुलं मुलाखतींना जाणार आहेत. तुम्ही मला कसं तयार केलंत ते त्यांनाही कळू दे.

पहिली मुलाखत माझी वाईट गेली होती, हे तुम्हाला माहीत आहे. नेमकं काय झालं ते मी तेव्हा कुणालाच धड सांगितलं नव्हतं. समोरच्या साहेबांनी विचारलं, ट्रान्सफॉर्मरला डीसी, म्हणजे एकाच दिशेनं सारखा वाहणारा प्रवाह, दिला तर काय होईल? मी डोळे मिटून व्याख्या म्हटली. पुस्तकातली, इंग्रजी, एकही शब्द न चुकता. ते म्हणाले, व्याख्या नको, काय होईल ते सांगा. मी तीच व्याख्या पुन्हा म्हटली. घरी आल्यावर आईला एवढंच म्हणाले की निवड होणार नाही.

त्यानंतरच्या शनिवारी तुम्ही मला वर बोलावलंत. मला वाटलं, प्रश्नोत्तरांची वही काढाल. तुम्ही झोपाळ्यावर बसलात, काकू मेथी निवडत होत्या, आणि तुम्ही म्हणालात, "ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय ते हिला सांग. मराठीत."

मला जमलं नाही. डिप्लोमाला चांगले गुण असलेल्या मुलीला स्वतःच्या मातृभाषेत पाच वाक्यं सांगता येईनात. काकूंनी मात्र मन लावून ऐकलं आणि विचारलं, "दोन्ही गुंडाळ्यांच्या तारा एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, मग वीज पलीकडे जाते कशी?" हा प्रश्न चार वर्षांत मला एकाही परीक्षेत आला नव्हता. उत्तर शोधताना पहिल्यांदा लक्षात आलं की पलीकडे जायला चुंबकत्व सतत बदलत राहावं लागतं. डीसीमध्ये ते बदलतच नाही. मग पलीकडे काही पोहोचत नाही आणि अलीकडे विरोध करायला उरतो फक्त तारेचा रोध, तो अगदी थोडा. प्रवाह बेसुमार वाढतो आणि गुंडाळी जळते. मुलाखतीत मागितलेलं उत्तर एवढंच होतं, आणि ते मला काकूंच्या मेथीच्या जुडीसमोर सापडलं.

तुमचा नियम ठरला: आधी काकूंना मराठीत, मग खालच्या इस्त्रीवाल्या भाईंना गुजरातीत, आणि शेवटी तुम्हाला इंग्रजीत. इंग्रजीचं मला इतकं भय होतं, पण तिथे पोहोचेपर्यंत सांगायची गोष्ट हातात आलेली असायची. शब्द कमी पडले तरी गोष्ट सुटायची नाही. तुम्ही एकदा म्हणालात, १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था काढली तेव्हा प्राध्यापक गज्जरांचा आग्रहच होता की तांत्रिक शिक्षण लोकांच्या भाषेत द्यायचं. पुढे १९३१ मध्ये याच बडोदे राज्यानं कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश छापला. कलाभवनावरून मी लहानपणापासून जाते-येते. तो आग्रह आपल्याही उपयोगाचा आहे, असं कधी मनात आलं नव्हतं.

तेलाचं तर मी कधीच विसरणार नाही. काकूंनी विचारलं, ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्या तेलात का बुडवून ठेवतात, तळायचं आहे का? मी सांगितलं, तेल उष्णता बाहेर नेतं आणि वीज अडवतं, पण त्यात ओल शिरली तर अडवण्याची ताकद जाते. म्हणून तेलाचा नमुना भांड्यात घेऊन अडीच मिलिमीटर अंतरावरच्या दोन टोकांमध्ये ठिणगी पडेपर्यंत विजेचा दाब वाढवतात, असं सहा वेळा करतात आणि सरासरी काढतात. ट्रान्सफॉर्मरच्या श्वास घ्यायच्या नळीत, म्हणजे ब्रीदरमध्ये, ओल शोषणारं सिलिका जेल असतं, कोरडं असताना निळं, ओलावलं की गुलाबी. काकू म्हणाल्या, "म्हणजे मिठाच्या बरणीत तांदूळ घालतो तसं." त्या क्षणी मला ब्रीदर कळला.

दुसरी गोष्ट 'आम्ही'ची. अॅप्रेंटिसशिपबद्दल विचारलं की मी म्हणायचे, आम्ही टेस्टिंग केलं, आम्ही रीडिंग घेतली. तुम्ही दर वेळी थांबवायचात. "आम्ही कोण? तू काय केलंस?" मला राग यायचा, कारण मी विशेष काही केलंच नव्हतं. रजिस्टर भरायचं, जोडण्या करायच्या, साहेब सांगतील ते. तुम्ही खोदत राहिलात. शेवटी ती मेगरची, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राची, गोष्ट निघाली: एका सकाळी इन्सुलेशनचं रीडिंग फार कमी आलं, सगळे गुंडाळीला दोष द्यायला लागले, आणि मी कोरड्या फडक्यानं बुशिंग, म्हणजे तार टाकीबाहेर येते तिथलं वीजरोधक आवरण, पुसलं, कारण रात्री पाऊस पडला होता आणि वर धूळ बसलेली दिसत होती. पुन्हा घेतलं तर रीडिंग वर गेलं. दोष गुंडाळीत नव्हता, ओल्या धुळीवरून गळती होत होती. ही सांगण्यासारखी गोष्ट आहे, असं मला वाटलंच नव्हतं. तुम्ही झोपाळा थांबवलात आणि म्हणालात, "हे सांग. हे दुसरं कुणी सांगू शकणार नाही."

बाबांच्या आजारपणामुळे माझी दोन वर्षं घरी गेली, त्याबद्दल मी लांबलचक सफाई तयार केली होती. तुम्ही ती एका वाक्यावर आणलीत: वडील आजारी होते, मी घरी होते, आता ते सावरले आहेत. त्यात क्षमा मागण्यासारखं काही नाही, असंही तुम्ही म्हणालात. ते वाक्य मुलाखतीपेक्षा मला जास्त कामाला आलं. पगाराचं कसं बोलायचं ते मात्र तुम्ही शिकवलं नाहीत. आमचा काळ वेगळा होता म्हणालात आणि मला तुमच्या भाचीकडे पाठवलंत. माणसाला आपल्याला काय येत नाही ते इतक्या सहज सांगता येतं, हे मी तुमच्याकडे पाहिलं.

आदल्या दिवशी तुम्ही स्कूटरवर मला मकरपुऱ्याला नेऊन कंपनीचं गेट दाखवून आणलंत. कागदपत्रांचे तीन संच, मूळ प्रती वेगळ्या, एक पेन जास्तीचं. हे सगळे सांगतात, पण सोबत येणारं कुणी नसतं.

आणि मुलाखत. तिघे होते. ट्रान्सफॉर्मरची क्षमता केव्हीएमध्ये, म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाह यांच्या गुणाकारात, का देतात, किलोवॅटमध्ये का नाही, हे विचारलं. मी म्हणाले, लोखंडातला तोटा व्होल्टेजवर अवलंबून, तांब्यातला प्रवाहावर, आणि तापणं या दोघांमुळे. ग्राहक पुढे कोणता भार जोडेल, त्याचा पॉवर फॅक्टर काय असेल, म्हणजे त्या गुणाकारातला किती भाग खरोखर कामाला येईल, ते बनवणाऱ्याला ठाऊक नसतं. माझं इंग्रजी दोनदा अडखळलं. कुणी भुवई उंचावली नाही. मग मेगरची गोष्ट सांगितली आणि ते त्याच गोष्टीवर थांबले. फडकं कसलं होतं, पुसल्यावर किती वेळाने रीडिंग घेतलं, मेगरचं गार्ड टर्मिनल, म्हणजे पृष्ठभागावरची गळती मोजणीतून वगळणारं टोक, वापरलं असतं तर काय कळलं असतं. दहा मिनिटं मी माझ्या स्वतःच्या कामाबद्दल बोलत होते, काका. माझ्या कामाबद्दल मला कुणी इतकं विचारलं नव्हतं.

एका प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही: तेलात विरघळलेल्या वायूंवरून आतला बिघाड कसा ओळखतात? मी म्हणाले, मला माहीत नाही, पण तेल तापलं किंवा आत ठिणग्या पडल्या तर ते फुटून वायू होत असावेत. वहीत लिहून घेतलं. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा तुम्ही पहिलं हेच विचारलंत, तो प्रश्न नंतर शोधलास का?

शोधला. आता रोज तेच अहवाल माझ्या टेबलावर येतात. ॲसिटिलीन दिसलं की आत कुठेतरी तेलात ठिणगी पडली असावी असा संशय घ्यायचा, हायड्रोजन, मिथेन, इथिलीन यांची प्रमाणं एकमेकांशी ताडायची आणि मागच्या अहवालाशीही. इंग्रजीत मला हे सांगता येतं. मराठीत अजून कुणाला सांगून पाहिलेलं नाही.

रविवारी चार वाजता येते. काकूंना म्हणावं, भाजी निवडायची ठेवा.

आपली,
खालच्या मजल्यावरची