सर, बाबांशी तुम्ही काय बोललात?

आदरणीय सर,
सा. न.

तुमच्या निरोप समारंभाला येता आलं नाही. त्याच दिवशी मी पोरींना घेऊन प्रकल्पस्तरीय स्पर्धेला गेले होते. ही एकच सबब तुमच्यापुढे चालते, हे मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा राहिलेलं आज लिहितेय.

समारंभात सगळे म्हणाले असतील, सरांनी गुणी पोरं हेरली. मला ते तितकंसं पटत नाही. आपल्या हरसूल-पेठ पट्ट्यात कोण पळतं, हे पाड्यावरच्या शेळ्यांनाही माहीत असतं. पाण्यासाठी दिवसातून तीनदा टेकडी चढणारी पोर दमाची असणारच. आता मी स्वतः एका आश्रमशाळेत मानधनावर खेळ शिकवते. 30 मीटर धाव, उभी उडी, मेडिसिन बॉल, 800 मीटर, सगळ्या चाचण्या घेते, तक्ते भरते. पोर तासाभरात सापडते. पुढची चार वर्षं ती मैदानावर राहणार कशी, याचा रकाना त्या तक्त्यात नसतो.

तुम्ही तो भरत होतात. आठवीत मी पाचव्या फेरीलाच धापा टाकत बसायचे. बाकीचे म्हणायचे, नाटकं करते. तुम्ही मॅडमना सोबत देऊन मला दवाखान्यात पाठवलंत. हिमोग्लोबिन 8 निघालं. मग दोन महिने पळणं बंद. जेवणानंतर लोहाची गोळी तुमच्यासमोर गिळायची, वर लिंबाची फोड, चहाला हात लावायचा नाही. केवढा राग आला होता मला! पळायला शिकवणाराच पळू देत नाही म्हणजे काय?

त्याच सुमारास, ऑक्टोबर 2010 मध्ये, दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविता राऊत 10,000 मीटरला कांस्य जिंकल्या. सावरपाड्याच्या, म्हणजे आपल्याच डोंगरातल्या. पेपरातला फोटो तुम्ही भाताच्या शितांनी वसतिगृहाच्या दारावर चिकटवलात. आम्ही फोटोतले बूट बघत होतो आणि तुम्ही विचारत होतात, "25 फेऱ्या आहेत. पहिलीत किती दम खर्चायचा, सांगा."

ते कळायला मला दहावी उजाडली. विभागीय स्पर्धा, 3000 मीटर, आयुष्यातला पहिला सिंथेटिक ट्रॅक. आपलं मैदान फक्कीने आखलेलं, 200 मीटरचं, 15 फेऱ्या मारायच्या. इथे साडेसातच! मी खुशीत सुटले, तीही अनवाणी. तिसऱ्या फेरीला तळव्यांना फोड आले आणि सहावी आले. तुम्ही खोबरेलाची बाटली पुढे केलीत, म्हणालात, "चल, आधी वडापाव खाऊ." पुढच्या महिन्यात बूट आले. दोन नंबर मोठे. पुढे चिंध्या कोंबून मी त्यातच दोन वर्षं काढली.

पण हे पत्र खरं तर नववीच्या दिवाळीसाठी आहे. सुट्टीत घरी गेले ती परत आलेच नाही. आई-बाबांबरोबर निफाडकडे द्राक्षबागेत कामाला होते. हाताला कामाचे पैसे मिळत होते, मला शाळा आठवतही नव्हती, खोटं कशाला सांगू. एका संध्याकाळी बांधावर तुमची एम-एटी फटफटली. माझ्याकडे तुम्ही पाहिलंसुद्धा नाहीत. बाबांबरोबर विहिरीच्या कठड्यावर बसलात, तंबाखू मळलीत (तुम्ही खात नाही, हे मला नंतर कळलं) आणि अंधार पडेपर्यंत बोलत राहिलात. दुसऱ्या दिवशी पत्र्याची पेटी घेऊन मी शाळेत हजर.

मी काही कविताताई झाले नाही. राज्यात तिसरी, तिथवरच माझी मजल. पण बारावी झाले, बीपीएड झाले, आणि आज माझ्याही गळ्यात शिट्टी आहे.

माझ्या आठवीतली एक पोर दिवाळीला गेली ती अजून आलेली नाही. तिकडेच, बागेत आहे म्हणे. रविवारी जातेय. विहिरीवर तुम्ही काय बोललात, ते बाबांनी मला कधी सांगितलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत. शनिवारी रात्री फोन करते, सर. तेवढं सांगा.

तुमची,
पत्र्याच्या पेटीवाली