सूचना : गाडीच्या विम्याचे कागद

मंडळी, विम्याचा कागदच हवा की मोबाईलवर दाखवलं तरी चालतं, हा प्रश्न पुन्हा आलाय. चालतं. 2018 साली केंद्रीय मोटार वाहन नियम 139 बदलला, तेव्हापासून डिजिटल कागदपत्रंही ग्राह्य आहेत.

पण डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये सरकारी नोंदीतून आलेली प्रत हवी. आपणच फोटो काढून डिजीलॉकरवर चढवलेली प्रत मूळ धरली जात नाही. गॅलरीतला फोटोही नाही. इथेच बरेचजण फसतात.

आता माझं ऐका. गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटात अडवलं, मोबाईलला रेंज शून्य. डॅशबोर्डच्या कप्प्यातली झेरॉक्स काढली तर ओलीनं पीयूसीला चिकटून बसलेली, नेमकी तारीखच फाटली! तेव्हापासून पॉलिसीची पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवतो आणि एक प्रिंट प्लॅस्टिकच्या पाकिटात. कोकणात किंवा कोगनोळीपलीकडे कर्नाटकात जाणाऱ्यांनी एवढं कराच.

नूतनीकरण झालं की एमपरिवहनवर नवी तारीख दिसते का बघा. गाडी क्रमांकात एक अक्षर चुकलं तरी दिसत नाही. कंपनीकडून दुरुस्त करून घ्या. विमा नसेल तर पहिल्यांदा 2000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

ज्यांचा विमा या महिन्यात संपतोय, त्यांनी आजच तारीख बघावी.