पिवळ्या कोटातले पाच स्वार आणि आमचे काका

काका, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बास रे, जेवलास का" करून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

लेस्टरमधल्या जुन्या बाजारात मला ब्रिटन्स या खेळण्यांच्या कंपनीचे, स्किनर्स हॉर्स या घोडदळाचे पाच शिशाचे घोडेस्वार मिळाले आणि मी नाचत तुमच्याकडे आलो. रंग बऱ्याच ठिकाणी उडालेला, म्हणून मी ॲक्रिलिक आणि बारीक ब्रश पण घेऊन ठेवले होते, म्हटलं चकाचक करून टाकू. तुम्ही नुसतं बघितलंत माझ्याकडे! मग शांतपणे सांगितलंत की कारखान्यातला मूळ रंग उडालेला असला तरी तोच ठेवायचा, वरून नवा मारला की कलेक्टरच्या लेखी ते खेळणं संपलं.

तोपर्यंत मला ही शिशाची शिपाईमंडळी आतून पोकळ असतात हेही माहीत नव्हतं. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, बाहेरचा थर थिजला की आतलं परत ओतून काढायचं, १८९३ मध्ये विल्यम ब्रिटन ज्युनियरने ही युक्ती वापरली आणि भरीव जर्मन शिपायांपेक्षा हलका आणि स्वस्त माल बाजारात आणला. उंची ५४ मिलिमीटर. दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजापेक्षा उंच मावळा उभा करणाऱ्या माझ्यासारख्याला स्केल म्हणजे काय हे तुमच्याच टेबलावर कळलं 😄

आणि हे घोडदळ उभं करणारा तो जेम्स स्किनर आधी दौलतराव शिंद्यांच्या फौजेत होता, १८०३ मध्ये इंग्रजांकडे गेला, हे तुम्ही सांगितल्यावर तर त्या पिवळ्या कोटांकडे बघायची माझी नजरच बदलली, थोडा रागही आला खरं सांगायचं तर.

पण सगळ्यात मोठा उपकार म्हणजे ते ओकचं कपाट. मी हौसेने घेतलेलं, तुम्ही दार उघडून वास घेतलात आणि म्हणालात आजच्या आज बाहेर काढ. ओकच्या लाकडातून ॲसिडची वाफ येते, त्याने शिसं गंजतं आणि पांढरी पूड होऊन झडायला लागतं, एका घोड्याच्या पोटाखाली ती सुरू झालीच होती. आता सगळे पत्र्याच्या रॅकवर आहेत, आणि हात लावला की साबणाने धुतोय, आठवण करू नका.

पाचव्या स्वाराचा भाल्याचा हात तुम्ही तुमच्या डब्यातून काढून दिलात, पैसे घेतले नाहीत. खांद्यात बसला बरोबर. बाकीच्यांपेक्षा त्याचा पिवळा जरा फिका आहे.

रंगवला नाहीये हं.