मोठा जिताडा सोडून द्या

संपादक महोदय,

कोकणातल्या खाड्यांत हल्ली कयाक घेऊन फ्लाय फिशिंग (पिसं-दोऱ्याच्या हलक्या नकली आमिषाने गळ टाकून मासेमारी) करणारी पोरं दिसतात आणि मला ते मनापासून आवडतं, इंजिन नाही, डिझेल नाही, कांदळवनाच्या मुळांपर्यंत आवाज न करता जाता येतं आणि जिताडा, तांबोशी तिथंच दबा धरून असतात. पण जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो, म्हणजे फोटोसाठी धरलेला मोठा मासा बहुतेक वेळा अंडी घालणारी मादीच, तिला प्लीज सोडा. बार्बलेस हुक, म्हणजे उलटा काटा नसलेला गळ वापरा, मासा पटकन सुटतो. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला खाडीच्या मुखाशी अजिबात जाऊ नका, तिथं वल्हं चालत नाही, पाणी सरळ समुद्रात ओढतं. कयाक भाड्याने देणाऱ्यांनी लाइफ जॅकेटशिवाय कुणाला सोडूच नये.

– एक वाचक, रत्नागिरी